नंदन निलेकणी खरे लोकसेवक, की हौस म्हणून सरकारात गेलेले उद्योगपती?

तुमचा प्रश्न असा की इन्फोसिससारखी कंपनी उभी करणारा माणूस सरकारात जाऊन खरोखर लोकसेवक होतो का, आणि तुमची स्वतःची कंपनी विकून तुम्हीही त्याच वाटेनं जावं का. पहिल्या भागाबद्दल मी ठामपणे बोलू शकते. निलेकणींनी दिल्लीत बसून जे काम सुरू केलं, त्याच्या अगदी खालच्या टोकाला मी काम केलंय. २०१२ च्या सुमारास बीड जिल्ह्यात मी आधार नोंदणीच्या कॅम्पवर ऑपरेटर होते.

माझ्या मते ते खरे लोकसेवक. आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम इन्फोसिस नाही, देणग्याही नाहीत. २००९ च्या जुलैत कंपनीतलं पद सोडून ते आधार प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले, ते २०१४ च्या मार्चपर्यंत. ती जेमतेम पाच वर्षं हेच त्यांचं खरं काम.

आमच्या घरात या विषयावर कायम भांडण होतं. माझे थोरले भाऊजी, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं की दहा हजारांच्या भांडवलावर पुण्यात कंपनी काढली, गडगंज झाले, मग कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा घेऊन मिरवले, निवडणुकीत पडले आणि आता दानधर्म करतायत. यात लोकसेवा कुठे आली? मी त्यांना दरवेळी एकाच म्हातारीची गोष्ट सांगते.

आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत कॅम्प लागला होता. रांग पार पटांगणाबाहेर. त्यात एक आजी होती. जन्माचा दाखला नाही, रेशन कार्ड दिराच्या नावावर आणि त्यात हिचं नाव नाही, मतदार यादीतही नाही. अर्धं वर्ष कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, अर्धं वर्ष गावात. कागदोपत्री ही बाई नव्हतीच. पण आधारच्या नियमात अशा लोकांसाठी सोय ठेवली होती. कागद नसेल तर नेमलेला परिचयकर्ता ओळख देऊ शकतो, जन्मतारीख माहीत नसेल तर अंदाजे वय चालतं. आजीच्या नातवाचे गुरुजी परिचयकर्ते होते. त्यांनी सही केली.

पुढचं संकट म्हणजे बोटं. कोयता धरून धरून बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनवर चारचारदा ठेवली, दरवेळी लाल. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. आमचा सुपरवायझर मागून सांगत होता की पुढचा माणूस घे. त्याचं कारण मला ठाऊक होतं. नंबर तयार झाला तरच एजन्सीला, म्हणजे नोंदणीचं कंत्राट घेतलेल्या आमच्या कंपनीला, पैसे मिळायचे. नोंदणी नाकारली गेली तर सगळी मेहनत फुकट, म्हणून अवघड माणूस त्यांना नकोच असायचा. मी ऐकलं नाही. बोटं फोर्स कॅप्चरनं, म्हणजे ठसे नीट नसले तरी मशीनला घ्यायला लावून, घेतली, चांगल्या डोळ्याची बुबुळ नीट आली, फोटो घेतला, पावती तिच्या हातात दिली. दिवाळीनंतर पोस्टमननं पत्र गुरुजींकडे आणून दिलं. त्या पत्रावर तिचं स्वतःचं नाव होतं, कुणाची बायको किंवा कुणाची आई म्हणून नव्हे. पुढे त्याच नंबरावर बँकेत खातं निघालं आणि निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यात जमा होऊ लागले. तोवर उचल (आगाऊ रक्कम) काय, मजुरी काय, सगळा पैसा मुकादम आणि मुलगा यांच्याच हातातून जायचा.

आता सांगा, ही सोय कुणी केली? दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळं घ्यायची, म्हणजे खर्च वाढणार, हे कुणीतरी ठरवलंच ना? अर्जात जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, बारा आकडी नंबरात माणसाबद्दल काहीच माहिती लपलेली नसेल, हेही कुणीतरी ठरवलं. हे सगळं एकट्या निलेकणींनी केलं असं मी म्हणत नाही, प्राधिकरणात आयएएस अधिकारी होते, नोकऱ्या सोडून आलेले इंजिनिअर होते. पण त्यांना एका टेबलाशी बसवणारा माणूस तोच होता. पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो नंदुरबारच्या टेंभलीत, आदिवासी गावात. ते पद सोडेपर्यंत साधारण ६० कोटी नंबर निघाले होते. भाऊजींनी उभी नोकरी जातीचा दाखला आणि रहिवासाचा दाखला यांच्या फायली पुढे सरकवण्यात घालवली. त्यांना हा आकडा सांगितला की ते विषय बदलतात.

मग ते हुकमी पान काढतात, ते म्हणजे २०१४ ची निवडणूक. बंगळूर दक्षिणमधून काँग्रेसच्या तिकिटावर निलेकणी उभे राहिले आणि भाजपच्या अनंत कुमारांकडून सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी हरले. भाऊजींच्या मते लोकांनीच निकाल दिला. मला हे अजिबात पटत नाही. मतं मिळवणं हे वेगळं कौशल्य आहे. लोकांनी आधारच नाकारलं असतं तर नवं सरकार आल्यावर आधार गुंडाळलं गेलं असतं. ज्यांनी विरोधात असताना टीका केली, त्यांनीच ते पुढे चालवलं आणि २०१६ मध्ये त्याचा कायदा केला.

देणग्यांबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये पती-पत्नींनी अर्धी संपत्ती दान करण्याची जाहीर प्रतिज्ञा घेतली. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ कोटी धरून ४०० कोटी. शिक्षणासाठी एकस्टेप आहे, रोहिणी निलेकणींचं पाण्यावरचं अर्घ्यम आहे. चांगलंच आहे. पण ज्याच्याकडे आहे त्यानं द्यावं, यात मला फार आश्चर्य वाटत नाही. सरकारी कार्यालयात बसून दहा खात्यांची मनधरणी करणं त्याहून कठीण.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. काही वर्षांनी रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि त्याच आजीचा अंगठा पुन्हा लागेना. नियमात पर्याय आहेत, पण दुकानदार ते सांगत नाही आणि आजीला ते माहीत नसतात. नोंदणीच्या वेळी बुबुळ होती, दुकानात मात्र तेव्हा फक्त अंगठा होता. ही चूक लहान नाही, यात माणसं उपाशी राहतात. दुसरं, कायदा आधी व्हायला हवा होता. २०११ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीनं विधेयक नाकारलं तरी नोंदणी चालूच राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भाग रद्द केला. तोवर सिमकार्डासाठी लोकांची जी ओढाताण झाली ती टळली असती. तेव्हा भाऊजींचं एवढं मात्र खरं की कंपनीतून आलेल्या माणसाला वेग आवडतो आणि संसद त्याला अडथळा वाटू शकते.

आणि हो, आमच्या एजन्सीनं शेवटच्या काही महिन्यांचे पैसे बुडवले. भाऊजी तेही ऐकवतात. त्याचा राग मला एजन्सीवर आहे आणि ज्यांनी अशी कंत्राटं देताना ऑपरेटरच्या पगाराकडे पाहिलं नाही त्या व्यवस्थेवर आहे. आजीच्या पत्राची किंमत त्यानं कमी होत नाही.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. कंपनी विकून थेट दान करू नका, आधी एखाद्या शहराच्या किंवा राज्याच्या कामात शिरा. निलेकणींनीही दिल्लीआधी १९९९ ते २००४ बंगळूरच्या नागरी टास्क फोर्सचं काम केलं होतं, आणि सरकार बदलताच तो गट संपलाही. म्हणून कुठल्याही पदावर गेलात तर त्यामागे कायदा आहे का ते पाहा. निवडणुकीच्या नादी लागायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण यंत्रणा उभी करताना तक्रार ऐकणाऱ्या खिडकीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात मागून घ्या, आणि अवघड माणसाच्या नोंदणीला एजन्सीला जास्त दर द्या, म्हणजे कुणी सुपरवायझर मागून "पुढचा घे" म्हणणार नाही. भाऊजींना हे पटतं. फक्त ते म्हणतात की यासाठी उद्योगपती कशाला हवा, जिल्हा परिषदेतला जुना माणूसही हेच सांगेल. मग मी विचारते, तुम्ही तीस वर्षांत का नाही सांगितलंत?