मग ती १९ वर्षं कशात धरायची?

“मॅडम, १९ वर्षं रसायनशास्त्रात काढली. आता रहस्यकथा लिहावीशी वाटते. मग ती १९ वर्षं वायाच गेली म्हणायची का?”

विचारणाऱ्या बाई एका प्रयोगशाळेत विश्लेषक होत्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. इंजिनिअरला शिकवायचं असतं, डॉक्टरला चित्रं काढायची असतात. ‘वाया’ हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी.

पहिल्या भेटीत मी नेहमीचंच केलं, फायदे-तोटे लिहून आणायला सांगितले. चुकलंच माझं. जिचा दिवस तक्ते भरण्यात जातो तिच्या हाती आणखी एक तक्ता! त्यांनी प्रत्येक मुद्द्याला गुण देऊन, बेरीज करून आणली. नोकरी ६१, लेखन ५८. “आता?” त्यांनी विचारलं. मी पाणी प्यायले.

मग विचारलं, आजवर लिहिलंय किती? वर्षभर त्या विषांवर वाचत होत्या. लिहिलेली पानं तीन. आणि तिसऱ्याच पानावर खुनी कोण ते सांगून टाकलेलं.

“असं का?”

“सवय. शोधनिबंधात सारांश आधी, आणि निष्कर्ष त्यातच. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवलं तर आमच्याकडे बोलणी खावी लागतात.”

लेखनाचं मला फारसं कळत नाही, म्हणून पुढच्या भेटीत तो विषयच काढला नाही. कामावर कधी डोकं चक्रावून गेलं होतं का, एवढंच विचारलं.

“एकदा ब्लँकमध्ये पीक आलं,” त्या म्हणाल्या.

ब्लँक म्हणजे कोरा नमुना. जे शोधायचं ते त्यात नसतंच, त्यामुळे आलेखावरची रेघ सपाट यायला हवी. तिथे टोक, म्हणजे ‘पीक’, वर आलं की समजायचं, बाहेरून काहीतरी शिरलंय. आणि मग त्या दिवसाच्या सगळ्याच निकालांवर संशय. आधी त्यांनी द्रावकावर आळ घेतला. नवी बाटली फोडली, पीक जिथल्या तिथे. यंत्र धुतलं. मग नजर वळली एका सहकाऱ्यावर. पण तो बिचारा आठवडाभर रजेवर होता. शेवटी निघालं फ्थॅलेट. प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात घालतात ते. द्रावकात सहज उतरतं. नव्याने आलेल्या कुप्यांच्या झाकणाला आतून अस्तर होतं, ते त्यातून येत होतं.

“म्हणजे बघा, नमुन्यात काही जाऊ नये म्हणून आम्ही झाकण घट्ट लावत होतो, आणि...” त्या थांबल्या. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. “मॅडम, तुम्ही दोनदा ‘मग?’ म्हणालात.”

म्हणाले होते खरी.

ही हकिगत त्यांनी निबंधासारखी नव्हती सांगितली, नोंदवहीसारखी सांगितली होती. प्रयोगशाळेच्या वहीत सगळं घडलं त्या क्रमाने राहतं, चुकलेले अंदाजसुद्धा. खोडरबर चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही-तारीख. रहस्यकथेला लागतो तो क्रम हाच. तो त्यांच्या हातात १९ वर्षं होता. त्या शोधत होत्या तो कपाटातल्या छापील निबंधांत.

दुसरी धास्ती वयाची. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं, हे त्यांना ठाऊक होतं. “पण पहिली कादंबरी आली तेव्हा ती तिशीत होती!” मी ब्रिटिश रहस्यकथालेखिका पी. डी. जेम्सचं नाव घेतलं. पहिली रहस्यकादंबरी १९६२ साली, वयाच्या ४२व्या वर्षी. आणि नोकरी सुटली ती १९७९मध्ये, निवृत्त होऊनच. मधल्या कादंबऱ्या नोकरी सांभाळून लिहिलेल्या. नोकरी सोडण्याबद्दल माझं मत त्यातच आलं. पगार थांबला की पहिल्याच कथेवर घर चालवायचं ओझं पडतं, आणि ते तिला पेलत नाही.

राहिला “लॅबमध्ये हसतील” हा धाक. जयंत नारळीकरांनीही १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. तुम्हीही टोपणनाव घ्या म्हटलं. विषय तिथेच संपला.

ठरलं ते एवढंच: रोज सकाळी ४० मिनिटं, हाताने, वहीत. खोडरबर नाही. आणि त्या वेळात विषांवरचं वाचन बंद, कारण ते वाचन म्हणजे न लिहिण्याची सोय झाली होती.

चार महिन्यांनी कथा पुरी झाली. मला वाचायला दिली, माझा संशय भलत्याच माणसावर गेला, आणि त्यांना झालेला आनंद त्यांनी अजिबात लपवला नाही. संपादकाकडून मात्र ती परत आली. उकल चोख आहे, पण मेलेल्या माणसाबद्दल काहीच वाटत नाही, असा शेरा.

मला वाटलं, आता तक्ता पुन्हा निघणार. त्यांनी पिशवीतून वही काढली. मृताच्या वर्णनावर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. खाली नव्याने लिहिलं होतं: चष्मा पुसायला तो नेहमी सदऱ्याचं डावं टोक घ्यायचा, म्हणून तेवढंच टोक चुरगळलेलं असायचं.