मशीन खाली ठेव

बाबू,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. फोन केला असता, पण पंचवीस वर्षं झाडं कापायच्या कटर मशीनच्या आवाजात काढली, आता फोनवर समोरच्याचं अर्धंच बोलणं कळतं. म्हणून लिहितो.

वडील म्हणतात मुंबईला चुलत्याकडे जा आणि कंपनीत चिकट. ठेकेदार म्हणतो पावसाळ्याआधी शहरात चल, झाडामागे रोख पैसे, दिवसाला दहा-बारा झाडं सहज होतील. मुलीकडचे म्हणतात लाकूडतोड्याला मुलगी कशी द्यायची. यात तू गांगरलास हे मला समजतं. कामाची लाज धरू नकोस वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुला कळतं. मला खटकली ती तुझी शेवटून दुसरी ओळ. ‘काका, शेजाऱ्यांचा फणस एकट्याने पाडला, चार मिनिटांत.’

फेरी मारली होतीस का? बाकीचं नंतर बोलू, आधी याचं उत्तर दे.

तीन महिने माझ्या हाताखाली होतास. रोज एकच गोष्ट सांगितली. मशीन खाली ठेव आणि झाडाभोवती फीर. मशीन हातात धरून फिरलेली फेरी मी धरत नाही. हातात वजन असलं की माणसाचं लक्ष काम उरकण्याकडे जातं. रिकाम्या हातांनी, मान वर करून, पूर्ण गोल फिरायचं. शेंडा कुठे झुकलाय, एका अंगाला फांद्यांचं वजन जास्त आहे का, वर मोडून अडकलेली सुकी फांदी आहे का, वेल शेजारच्या झाडाला गुंतलाय का. मग खाली बघ. मुळाशी कठीण भाकरीसारखी बुरशी धरली असेल तर बुंधा आतून गेलेला असू शकतो. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून ऐक, भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ झाड ढब्ब करतं. शेवटी स्वतःची पळायची वाट. झाड जिकडे पाडायचं त्याच्या उलट, तिरकी मागे, कोयत्याने साफ केलेली. मुळी, दगड, वेल काही पायात येता कामा नये.

झाड पडायच्या बाजूची खाच किती खोल घ्यायची, मागचा काप खाचेपेक्षा थोडा वर का ठेवायचा, मध्ये न कापलेली पट्टी बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी का राखायची, हे हाताला येतं. तुझ्या हाताला ते माझ्यापेक्षा लवकर आलं, हे मी तुझ्या वडिलांनाही सांगितलंय. ती पट्टी बिजागरीचं काम करते, तीच झाडाला वळवत नेते. पण आत लाकूड कुजलेलं असेल तर बिजागरी धरणार कशाला? ते मशीन चालू केल्यावर कळत नाही. ते फेरीत कळतं.

आता जे सांगतो ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू शाळकरी होतास. श्रीवर्धन, दिवेआगरपासून आपल्या दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत माड, पोफळी, आंबे आडवे झाले. लॉकडाऊन, त्यात वीज नाही, मोबाइल बंद, रस्त्यांवर झाडं. लोक हात धरून न्यायचे, आधी आमच्या घरावरचं काढा म्हणायचे. दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मशीन बंद होत नव्हतं. सातव्या की आठव्या दिवशी एका परसात मोठा रायवळ आंबा मुळासकट उलथला होता. मुळांचा माती धरलेला गड्डा माणसापेक्षा उंच उभा, त्यामागे खड्डा. मी आलो तसा थेट बुंध्याला लागलो. बुंधा कापला की त्याचं वजन सुटतं आणि तो गड्डा परत आपल्या खड्ड्यात बसतो, हे मला माहीत होतं, इतरांना मी शिकवत होतो. माझा जोडीदार दोर सोडवायला खड्ड्यात उतरला होता. मी उभा होतो तिथून तो दिसत नव्हता. गड्डा हलला तेव्हा आवाज झालाच नाही म्हण, नुसती माती सरकल्यासारखी. मग त्याची किंकाळी.

जीव वाचला. पाय गुडघ्याखाली गेला. आज तो गावात छोटं दुकान चालवतो, मी गेलो की चहा देतो, त्या दिवसाचं कधी बोलत नाही. दवाखान्याचा खर्च मी केला, पण ते सांगून मला मोकळं व्हायचं नाही. वीस पावलांची फेरी होती रे. वीस पावलं चाललो असतो तर तो मला दिसला असता.

आणि त्याआधीची गोष्ट, मी तुझ्याच वयाचा होतो तेव्हाची. मार्चमध्ये एक बेहडा पाडला. खाली आल्यावर खोडाची ढोली फुटली, आत धनेशाची मादी. ढोलीचं तोंड लिंपून घेऊन, पंख झडलेल्या अवस्थेत आत बसलेली, उडता न येणारी. दोन अंडी होती, फुटली. संध्याकाळी नर आला, चोचीत उंबरं. झाड जिथे होतं त्या मोकळ्या हवेत तो फिरत राहिला, पंखांचा तो घरघर आवाज करत. त्या झाडाला मी एक फेरी मारली असती तर लिंपलेली ढोली आणि खाली पडलेल्या बिया दिसल्या असत्या. धनेशाचं घर शोधायला याहून मोठी खूण लागत नाही.

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी रानात जातो. तुम्ही पोरं म्हणता काका आठवडाभर झाडांत आणि रविवारीही झाडांत. हो. पण रविवारी कोयतासुद्धा नेत नाही. देवीच्या राईत जाऊन बसतो. ज्या झाडांना कधी कुणी घाव घातला नाही ती बघितल्याशिवाय झाड कसं उभं असतं ते समजत नाही. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी साल, वाऱ्यात किंजळाचा शेंडा कसा एका लयीत झुकून परत येतो, हे डोळ्यात बसलं की बिघडलेलं झाड लांबून ओळखू येतं. नाहीतर आंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीवर गरी घेऊन बसतो. भरती कधी भरते, सुकतीला पाणी कुठून ओढतं, बोय मासा कुठे उड्या मारतो, तांबोशी मासा कुठल्या कातळाला धरून असतो. तास तास काही लागत नाही. तुला माझ्याबरोबर आणलं तेव्हा तू वीस मिनिटांत मोबाइल काढलास. मला राग आला होता, बोललो नाही. आता बोलतो. ज्याला पाण्याकडे तासभर बघवत नाही तो झाडाकडे पाच मिनिटं बघणार नाही.

ठेकेदाराचं म्हणशील तर मी नाहीच म्हणणार. महामार्गाच्या रुंदीकरणाची झाडं पडत होती तेव्हा मलाही बोलावणं आलं होतं. दिवसाचा आकडा ठरलेला, तेवढी झाडं व्हायलाच हवीत. मी नाही म्हटलं. त्या वर्षी पोराची फी भरायला तुझ्या काकीच्या पाटल्या गहाण पडल्या. अजून ती मधूनच काढते तो विषय, आणि माझ्याबरोबरच्या दोघांनी त्याच पैशातून घरावर स्लॅब टाकला हेही खरं आहे. तरी मी चुकलो नव्हतो. आकडा ठरला की फेरी जाते. दहा-बारा झाडांत कुठली फेरी मारतोस तू? गर्दीचा रस्ता, विजेच्या तारा, खाली लावलेल्या गाड्या, आणि मागे हाकणारा माणूस. चुकलो नव्हतो मी.

परवानगीचं पण तुला विचारायचं होतं ना. शहरात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा झाड म्हणतात. गावाकडे १९६४ चा, साग, खैर, आंबा, ऐन, किंजळ असल्या झाडांना परवानगी लागतेच. कागद बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, मालक कितीही ओळखीचा असो. हे एका ओळीचं काम आहे, पुन्हा विचारू नकोस.

मुंबईला जायचं असेल तर जा. खरंच सांगतो, मी रागावणार नाही, कंपनीत पीएफ आहे आणि पावसाळ्यातही पगार मिळतो. मुलीच्या वडिलांशी बोलायला मी येईन, हवं तर. धोकादायक झाड घरावरून उतरवून देणारा माणूस गावाला लागतो, वादळानंतरचे ते दिवस त्यांनीही बघितलेत. पण या कामात राहायचं ठरवलंस तर माझ्या अटीवर. मला वेग दाखवायचा नाही. चार मिनिटं मला परत ऐकवायची नाहीत. आणि त्या दिवशीचा भुसा कसा होता तेही सांग. पिवळ्या चकत्या पडत होत्या की पीठ? पीठ पडत असेल तर साखळीला धार नव्हती आणि तू नुसता जोर लावत होतास.

सोमवारी एक माड उतरवायचाय, कौलारू घराला अगदी चिकटून. आधी झावळ्या, मग शेंडा, मग दोन-दोन हातांचे तुकडे दोराने खाली. वर चढणारा आहे, दोर मी धरीन. खालचा उरलेला बुंधा तू काप. माडाचं बाहेरचं लाकूड धार खातं, कानस बरोबर आण. मी तुला काही सांगणार नाही, नुसता बघत उभा राहणार आहे, मशीन कुठे ठेवतोस ते.

त्याआधी रविवारी खाडीवर ये. सकाळी लवकर. कोळंबी मी आणतो, मोबाइल घरी ठेव.

काका