एडीएचडी आहे आणि आवाज सहन होत नाहीत. घरात, ऑफिसात रोजचं कसं निभावता?

तुम्ही लिहिलंय की एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्या अवस्थेचं, निदान नुकतंच झालंय, कुकर, टीव्ही आणि जेवतानाची मचमच यांनी डोकं फिरतं आणि घरचे म्हणतात ही नाटकं आहेत. गोळीने हे जाईल का आणि ऑफिसात सांगावं का, हेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत सासू-सासरे, नवरा आणि शाळकरी मुलासोबत टू बीएचकेत राहते, ठाण्यात एका सीएंकडे जीएसटीची रिटर्न्स भरते. माझं निदान तिशी उलटल्यावर झालं. तेव्हा जे सांगतेय ते अनुभवाचं, आणि डॉक्टरांना विचारून विचारून कळलं तेवढं.

पहिली गोष्ट, शांततेच्या मागे लागू नका. आपल्याकडे ती मिळत नाही आणि मिळाली तरी आपल्याला झेपत नाही. रात्री सगळं सामसूम झालं की मला फ्रीज घुरघुरताना ऐकू येतो, मग घड्याळ, मग वरच्या मजल्यावरचा गळका नळ. मला त्रास होतो तो आवाज मोठा असण्यापेक्षा तो माझ्या हातात नसण्याचा. मिक्सर मी लावला तर चटणी होते आणि विषय संपतो. तोच मिक्सर पाठीमागे न सांगता सुरू झाला तर मी दचकते, हातातलं काम विसरते आणि पुढचा अर्धा तास चिडचिड करते. मिक्सर तोच, चटणीही तीच. हे लक्षात आल्यावर मी आवाज बंद करण्यापेक्षा ते आधी कळतील कसे याच्या मागे लागले. आमच्याकडे आता मिक्सर लावण्याआधी आई ‘लावतेय गं’ म्हणतात. एवढ्याने निम्मं काम झालं.

लोकलचंही तसंच. गाडीच्या खडखडाटात मला डुलकी लागते, पण शेजारची बाई हेडफोन न लावता रील्स बघत असेल तर ठाणं येईपर्यंत माझा पार पिट्ट्या पडतो. एकसुरी आवाज मेंदू थोड्या वेळाने सोडून देतो. रील दर काही सेकंदांनी बदलते, त्यामुळे दर वेळी लक्ष नव्याने तिकडे ओढलं जातं. इतर लोक हे नकळत बाजूला सारतात. आपल्याकडे समोरच्याचं बोलणं, पंख्याची करकर आणि खाली भंगारवाल्याची हाक यांना सारखाच मान मिळतो.

हेडफोन घेण्याआधी हे माहीत असू द्या. नॉइज कॅन्सलेशनवाले महागडे हेडफोन पंखा, एसी, गाडीची घरघर अशा खालच्या पट्टीतल्या सलग आवाजांवर झकास चालतात. शिट्टी, भांडं पडणं, माणसांचं बोलणं यांवर त्यांचं फारसं चालत नाही. त्यासाठी फोमचे साधे इअरप्लग बरे आणि खिशालाही परवडतात. फक्त ते नीट घालायला हवेत: बोटांनी चुरगाळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते कानावर टेकवून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र दिवसभर घालून बसू नका. कान सतत झाकले तर मेंदू आतली संवेदनशीलता वाढवतो आणि साधे आवाजही जास्त टोचायला लागतात. मी रिटर्नच्या दिवसांत, म्हणजे 11 आणि 20 तारखेच्या आसपास, कामापुरते घालते.

आता कुकर. आपली दुहेरी पंचाईत अशी की प्रत्येक शिट्टीला जीव वर येतो, आणि तरी किती झाल्या ते लक्षात राहत नाही. ‘तीन झाल्या की बंद कर’ असं आईंनी सांगून खाली भाजीला जावं आणि परत आल्यावर ‘किती झाल्या?’ विचारावं, तर माझं उत्तर कायम ‘दोन... की चार?’ शिट्ट्या मोजायची गरजच नाही हे मला फार उशिरा कळलं. कुकरमध्ये पूर्ण दाब तयार झाला की आतलं तापमान साधारण 120 अंशांपर्यंत जातं. तेवढा दाब टिकेल इतकीच आच ठेवली तर शिट्टी न होताही अन्न शिजतच राहतं. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि फोनवर टायमर लावायचा, व्हायब्रेशनवर. भिजवलेल्या तूरडाळीला आमच्या कुकरमध्ये दहा-बारा मिनिटं पुरतात, तुमच्या कुकरचा अंदाज तुम्हीच घ्या. ‘शिट्टीशिवाय कधी डाळ शिजते का?’ म्हणत आईंनी झाकण उघडलं, डावाने डाळ दाबून बघितली, ती मेणासारखी झाली होती. काही बोलल्या नाहीत, पण आता स्वतःही तसंच करतात. वर गॅस वाचतो म्हणून शेजारच्या काकूंना सांगून आल्या.

जेवतानाचे आवाज हे अवघड प्रकरण आहे, कारण त्यात माणसं येतात. बाबा कढी भुरके मारून पितात. भुरका म्हणजे कढी झकास झाल्याची पावती, त्यावर सून काय बोलणार? आणि मला तेव्हा राग येतो तो साधा नसतो, अंगभर आग होते. असं ठराविक आवाजांनीच होत असेल, म्हणजे चावणं, नाक ओढणं, पेनचं टकटक, तर त्याला मिसोफोनिया म्हणतात. एडीएचडी असलेल्या अनेकांना तो असतो, पण तो वेगळा. साधे आवाजच कानाला खूप मोठे किंवा दुखतील असे वाटत असतील तर तो हायपरअॅक्युसिस, त्यासाठी कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचं. हा फरक मी मुद्दाम सांगतेय. एडीएचडीच्या निकषांत ‘बाहेरच्या गोष्टींनी चटकन लक्ष विचलित होणं’ आहे, ‘आवाज सहन न होणं’ नाही. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तुम्ही वेगळं सांगा. आधी एकदा श्रवणचाचणी करून घेतलेली बरी. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ती होते.

जेवणाच्या वेळी आम्ही रेडिओ हळू लावतो आणि वर पंखा. माझ्या आणि बाबांच्या मध्ये नवरा बसतो. फारच झालं तर मी पोळ्या करायला उठते, गरम पोळी वाढणाऱ्या सुनेला कोणी नावं ठेवत नाही! नाटकं म्हणणाऱ्यांशी वाद घालून माझ्या हाती तरी काही लागलं नाही. ‘मला आवाजाचा त्रास होतो’ म्हटलं की घर बचावाला उभं राहतं. ‘मिक्सरआधी हाक मारा’ एवढंच म्हटलं की लोक करतात.

सणांचं थोडक्यात. ढोल-ताशा मला आवडतो, ठेका पुढे काय येणार ते सांगतो. पण कान सगळ्यांचे सारखेच: 85 डेसिबलला आठ तास चालतात, 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तेव्हा पथकाजवळ उभं राहायचं तर इअरप्लग घाला, मुलांनाही. डीजेने भिंती हादरत असतील तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. सणांचे काही ठराविक दिवस सरकार 12 पर्यंत सूट देतं, ती यादी आधी बघा, मग 112 लावा. मी विसर्जनाच्या रात्री सरळ माहेरी जाते.

गोळीबद्दल. मला मिथाइलफेनिडेट चालू आहे. ती शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि सगळ्या मेडिकलवाल्यांकडे ती नसतेच. संपायच्या आठवडाभर आधी शोधायला लागा, आणि आपल्याला ‘आठवडाभर आधी’ जमत नाही म्हणून फोनवर गजर लावा. तिने माझ्या कानांना काहीही झालं नाही. शिट्टी तितकीच लागते. फरक असा की आधी दचकल्यावर मी स्वयंपाकघर, तिथून फोन, तिथून कपाट आवरणं असं भटकायचे, आता परत एक्सेलच्या त्याच ओळीवर येते. संध्याकाळी तिचा असर उतरताना मात्र आवाज जास्तच लागतात, नेमकी तेव्हाच घरी कुकर आणि मालिकेची वेळ. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. तुमचंही असंच होईल असं नाही, पण कुठल्या वेळी त्रास वाढतो ते आठवडाभर लिहून न्या. मिसोफोनियावर काही जणांना सीबीटी या समुपदेशन पद्धतीचा उपयोग होतो. लगेच कोणी मिळत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

ऑफिसचं असं. दिव्यांग हक्क कायद्यात, म्हणजे 2016 च्या, 21 प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी वेगळं दिलेलं नाही. त्यामुळे कायदा दाखवून काही मागायला जाऊ नका. मी निदान सांगितलंच नाही. सरांना म्हटलं, मला दरवाजाजवळची जागा नको, भिंतीकडची द्या, आणि 11 आणि 20 तारखेच्या आदल्या दोन दिवसांत काही हवं असेल तर हाक मारण्याऐवजी व्हॉट्सअॅप करा, चुका कमी होतील. चुका कमी होणार म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलंच नाही. तुमचे साहेब कसे आहेत ते तुम्हाला माहीत. सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा, पण जागा बदलून मागायला निदान लागत नाही, एसी अंगावर येतो एवढ्या कारणावरही ती मिळते.