नोकरी चाकणला, रविवार डोंगरावर

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटी विभागात आहे. महिन्यातले दोन रविवार पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी पाणी अडवण्याच्या श्रमदानाला जातो. चर खणण्यापलीकडे माझ्या शिक्षणाचा तिथे काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो तुमच्याच विभागातला आहे : मोजमाप. खणायला हात मिळतात. आखणी तपासणारा माणूस मात्र बहुतेक गावांत नसतो.

सलग समतल चर, म्हणजे डोंगर उतारावर एकाच पातळीत खणलेले, पावसाचं पाणी अडवणारे लांब खड्डे, साधारण 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल घेतात. म्हणजे एका मीटरला 0.18 घनमीटर, 100 मीटरला 18 घनमीटर, अर्थात 18,000 लिटर पाणी. हा हिशेब चराचा तळ सपाट असेल तरच खरा. आखणी ए-फ्रेमने होते : दोन बांबू, मध्ये आडवी काठी, वरून सोडलेला ओळंबा. ओळंब्याची दोरी काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पायांमधलं अंतर दोन मीटर आहे आणि मधली खूण एका पावलाला एक सेंमी चुकते आहे, असं समजा. फ्रेम त्याच बाजूने उचलून पुढे ठेवत गेलात, तर 50 मीटरच्या 25 पावलांत चूक 25 सेंमी होते. चर 30 सेंमी खोल! सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथे काठावरचा मातीचा भराव फुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी घळ दिसते. दोष पावसाला दिला जातो.

उपाय सोपा आहे. दोन खुंट्यांवर फ्रेम उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. पाय अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा उभी करा, दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य ही खरी समपातळी. शिवाय फ्रेम उचलून न नेता एका पायावर फिरवत न्या. मागचा पाय पुढे आला की चूक उलट्या दिशेची होते आणि जोडीजोडीने कटते. ओळंब्याला वाऱ्याने झोके बसत असतील तर जड दगड बांधा. पातळी पाहायला पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर वापरत असाल, तर आधी नळीतला हवेचा बुडबुडा काढा. तो राहिला की वाचन चुकतं.

काम माथ्याकडून पायथ्याकडे. खालचे चर आधी खणले, तर वरचा गाळ पहिल्या जोरदार पावसातच त्यांत येऊन बसतो. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, पण चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. नाहीतर तीच माती परत चरात येते. दर दहा-पंधरा मीटरवर हातभर पट्टा न खोदता ठेवा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी सगळा चर रिकामा होत नाही.

शहरातून येणाऱ्या माणसाकडून एका सकाळी अर्ध्या घनमीटरपेक्षा जास्त कामाची अपेक्षा धरू नका. वीस जण म्हणजे दहा घनमीटर, जेमतेम 55 मीटर चर. फोटोंमध्ये तो यापेक्षा बराच लांब दिसतो, ते सोडा. शनिवारी संध्याकाळी तेवढीच आखणी करून चुन्याची फक्की मारून ठेवा. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, वनखात्याची असेल तर त्या खात्याला आधीच विचारा.

दुसरं काम विहिरींची पाणीपातळी मोजण्याचं. काठावर रंगाने एक पक्की खूण करा आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंत टेप सोडा, सकाळी मोटार सुरू होण्याआधी. उपसा चालू असताना घेतलेलं माप निरुपयोगी. पावसाची नोंद ठेवा आणि कामाच्या क्षेत्राबाहेरची एखादी विहीरही मोजा. पाऊस चांगला झाला की पाणी सगळीकडेच वाढतं. फरक चरांमुळे पडला का, ते त्या बाहेरच्या विहिरीशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न : अशा कामाची कंपनीला कल्पना द्यावी का? बायोडेटात लिहावं का?

नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. बिनमानधनाचं काम सहसा अडत नाही, तरी एचआरला एक ओळीचा मेल टाकून ठेवा. संस्थेने मानधन देऊ केलं तर लेखी परवानगी घ्याच. कंपनीच्या परवान्याचं कॅड सॉफ्टवेअर वापरून गावाचे नकाशे काढू नका. बायोडेटात ‘समाजसेवेची आवड’ लिहून काही होत नाही. ‘1,200 मीटर चरांची आखणी व तपासणी, सहा विहिरींच्या दोन वर्षांच्या नोंदी’ असं लिहा. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतील.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ याच क्षेत्रात यावं का?

सोडायलाच हवी असं नाही. विलासराव साळुंखे पुण्यात अॅक्युरेट इंजिनिअरिंग ही कंपनी चालवत होते आणि 1972च्या दुष्काळानंतर त्यांनी नायगावला पाणी पंचायतीचा, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याचा, प्रयोग उभा केला, तोही तुमच्याच पुरंदर तालुक्यात. त्यातला खरा शोध पंप-पाइपांचा नव्हता, नियमांचा होता : पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्ध्या एकरापुरतं; भूमिहीनांनाही हक्क; ऊस नाही. हा भाग कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून ग्रामसभांना बसा.

तरीही यायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एमटेक आहे. मेकॅनिकलवाल्यांनाही प्रवेश मिळतो, गेट या प्रवेश परीक्षेचा गुणांक लागतो. या क्षेत्रात पगार कारखान्यापेक्षा कमीच असेल हे धरून घरचे हप्ते आधी मोजा. गेट फेब्रुवारीत असते आणि गुणांक तीन वर्षं चालतो. त्यामुळे परीक्षा नोकरीत असतानाच देऊन ठेवा, राजीनामा प्रवेश पक्का झाल्यावर.