वाचकांचे प्रश्न : फिशटँकमधलं आटणारं पाणी

प्रश्न : दोन फुटी टाकी आहे. मे महिन्यात रोज साधारण १ सेंटीमीटर पाणी आटतं. तेवढं बोअरचं पाणी रोज घालतो, त्यामुळे वेगळं पाणी बदलावं लागत नाही. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ६०० आहे. जुने मासे ठणठणीत आहेत, पण नवीन आणलेले दोन-तीन दिवसांत मरतात. दुकानदार आजारी मासे देतो का? (अकोला)

उत्तर : दुकानदाराला इतक्यात दोष देऊ नका. टाकीतून आटतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे १.८ लिटर. तेवढ्या बोअरच्या पाण्यासोबत रोज सुमारे १,०८० मिलिग्रॅम क्षार आत जातात. वाळू-दगड वजा करता टाकीत ४५ लिटर पाणी धरलं, तर टीडीएस रोज २४ ने वाढतो. काचेवर जमणारी पांढरी रेघ सोडली, तर बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. म्हणजे ६०० चा आकडा महिन्याभरात १,३०० च्या आसपास जातो. माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेटही साठत राहतं. जुन्या माशांना हा बदल हळूहळू अंगवळणी पडतो. दुकानातल्या हलक्या पाण्यातून थेट यात पडलेल्या माशाच्या शरीरातला क्षार-पाण्याचा तोल कोलमडतो.

आटलेलं पाणी भरणं आणि पाणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोजची भर घरच्या आरओच्या शुद्ध पाण्याची घाला. (आरओच्या बाहेर फेकणाऱ्या नळीचं नव्हे! वाया जाऊ नये म्हणून ते टाकीत ओतणारे बरेच आहेत, पण त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतात.) आठवड्यातून एकदा पाव टाकी, म्हणजे ११ लिटर, बोअरच्या पाण्याने बदला. त्या दिवशी आधी आरओने पातळी भरल्या टाकीच्या खुणेपर्यंत आणा आणि मगच सायफन (पाणी काढायची नळी) लावा. पातळी खाली असताना ११ लिटर काढून खुणेपर्यंत बोअरचं पाणी भरलं, तर आटलेल्याची भरही बोअरचीच होते. खूण काचेला बाहेरून मार्करने करावी. पाणीबदल मात्र निव्वळ आरओने करू नका, माशांना थोडे क्षार हवेच असतात.

आत्ता टीडीएस मोजा. १,३०० च्या पुढे असेल तर एकदम अर्धी टाकी बदलू नका, जुने मासेही जातील. दर तीन दिवसांनी १० टक्के असं तीन आठवडे करा आणि तोवर नवीन मासे आणू नका. पुढे आणाल तेव्हा एअर पंपाच्या नळीला सैलशी गाठ मारून टाकीचं पाणी माशांच्या भांड्यात सेकंदाला दोन-तीन थेंब असं तासभर सोडा.

प्रश्न : झाकण ठेवलं तर पाणी ३१ अंशांवर जातं, काढलं तर आटतं. काय करावं? (नाशिक)

उत्तर : उन्हाळ्यात झाकण काढा आणि पाणी आटू द्या. १ लिटर पाणी आटताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ६० लिटर पाणी १ अंशाने थंड करायला २५० किलोज्यूल पुरतात. छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. कोकणातल्या दमट हवेत इतकं उतरत नाही. मासे उड्या मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर बारीक जाळी लावा. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रीही चालू हवा. थंडीत काचेचं झाकण परत ठेवा, कोपऱ्यात फट सोडून.

प्रश्न : टाकीच्या काठावर टांगलेला हँग-ऑन फिल्टर घरघरतो आणि धबधब्यासारखा आवाज करतो. (ठाणे)

उत्तर : पातळी उतरली आहे. भर घातली की धबधबा थांबेल. घरघर तरीही राहिली तर फिल्टर बंद करून इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं छोटं चाक) धुवा. टाकीत हीटर असेल तर भर घालण्याआधी तो बंद करून १५ मिनिटं थांबा. उघड्या पडलेल्या तापल्या काचेवर गार पाणी गेलं की ती तडकते.

प्रश्न : मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टाकीच्या संपला, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीला, आटलेलं पाणी आपोआप भरायला फ्लोट स्विच (पातळी उतरली की पंप चालू करणारा तरंगता स्विच) आणि २० लिटरचा आरओ कॅन जोडायचा आहे. एकूण पाणी १०० लिटर. धोका काय? (पुणे)

उत्तर : धोका त्या कॅनच्या आकारात आहे. फ्लोटमध्ये गोगलगाय अडकली किंवा मीठ जमलं की स्विच बंद होत नाही. सगळे २० लिटर आत गेले तर ३५ चा खारेपणा (किलोमागे ग्रॅम क्षार) २९ वर येतो, कोरल हे सोसत नाहीत. ५ लिटरच घुसले तर तो ३३ च्या वर राहतो. म्हणून कॅन ५ लिटरचा ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी भरा. कॅनमधल्या पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा खाली असावी, नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. नळीचं तोंड संपच्या पाण्यात बुडवू नका, कारण मग खारं पाणी उलटं कॅनमध्ये येतं. फ्लोट संपच्या शेवटच्या, रिटर्न पंपाच्या (पाणी टाकीत परत पाठवणाऱ्या) कप्प्यातच बसवा. आटलेल्या पाण्याची घट तिथेच दिसते. दर आठवड्याला तो काढून व्हिनेगरने पुसा, साध्या पाण्याने धुवा आणि हाताने वर-खाली करून पाहा.