साच्यावर पोकळ सूक्ष्मगोल कसे घडवतात आणि त्यांच्यात एकाआत एक कवचे कशी येतात?

आमच्या भंडाऱ्याकडे विटांच्या मातीत धानाचे तूस मिसळतात. भाजलेली वीट फोडली, तर तूस जळून गेलेल्या जागी त्याच्याच आकाराची पोकळी दिसते. पोकळ सूक्ष्मगोलांचे तत्त्वही हेच आहे. साचा म्हणून पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे सूक्ष्म गोळे घेऊन त्यांच्यावर सिलिकाचा (वाळूतल्या मुख्य द्रव्याचा) थर चढवतात (तो धरावा म्हणून पृष्ठभागावर आधी विद्युतभार आणणे सोयीचे पडते) आणि आतला गोळा सुमारे ५०० अंश सेल्सिअसला जाळून किंवा टोल्युइन या द्रावकात विरघळवून काढतात. अनेक कवचांसाठी मात्र ग्लुकोजपासून केलेले कार्बनचे गोळे धातूच्या क्षाराच्या द्रावणात मुरवून हवेत तापवतात. कार्बन बाहेरून आत जळत आक्रसत जातो आणि धातूच्या ऑक्साइडची कवचे एकामागून एक सुटत जातात. माझ्या मते खरी मेख तापवण्याच्या वेगात आहे, कारण घाई केल्यास कवच तडकते.