लायब्ररी आली की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न: पानावर 'चार्ट' या नावाने मिळणारी एक जावास्क्रिप्ट लायब्ररी जोडली आहे. ती आली का हे 'इफ'मध्ये थेट नाव लिहून तपासतो. ती नसेल तर तपासणीच एरर देऊन थांबते, आणि कधी कधी लायब्ररी असूनही ती नाही असंच उत्तर येतं. असं का?

उत्तर: कुठेच घोषित न झालेलं नाव थेट वाचलं की 'रेफरन्स एरर' येते. नावात कोणत्या प्रकारची गोष्ट आहे ते सांगणारा 'टाइपऑफ' मात्र अशा नावालाही एरर न देता 'अनडिफाइन्ड' असं उत्तर देतो. तेव्हा 'टाइपऑफ चार्ट' लिहा आणि उत्तर 'फंक्शन' येतं का ते पाहा (काही लायब्ररींचं 'ऑब्जेक्ट' येतं). 'अनडिफाइन्ड नाही ना' एवढ्यावर भागवू नका. पानातल्या एखाद्या डिव्हचा आयडी तंतोतंत तोच असेल, तर ब्राउझर त्या नावाने तो डिव्हच हाती देतो आणि लायब्ररी नसताना तपासणी पास होते. लायब्ररी जेक्वेरी असेल तर तिच्या डॉलर चिन्ह या छोट्या नावावर विसंबू नका. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ते चिन्ह जेक्वेरीविनाही चालतं. 'जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी' लिहा, आवृत्तीही कळेल.

लायब्ररी असूनही 'नाही' येतं, तेव्हा बहुतेक वेळा तपासणी लवकर झालेली असते. स्क्रिप्ट टॅगला 'डिफर' असेल तर ती फाइल सगळं पान वाचून झाल्यावर चालते, पण पानातच लिहिलेली तुमची तपासणी त्याआधीच उरकलेली असते. ती 'डॉम कंटेंट लोडेड' इव्हेंटमध्ये ठेवा. 'असिंक' असेल तर तेही पुरत नाही, कारण फाइल उतरली की चालते, क्रम कोणताही. तिथे स्क्रिप्ट टॅगलाच 'ऑनलोड' आणि 'ऑनएरर' लावा. दोन सेकंदांचा टाइमर लावून वाट पाहणं हा उपाय नव्हे. संथ नेटवर तो हमखास फसतो. ऑनलोड झालं म्हणजे फाइल आली, एवढंच. आतला कोड मध्येच एरर देऊन थांबला तरी ऑनलोड होतंच, म्हणून टाइपऑफची तपासणी त्याच्या आतही हवी. लायब्ररी मॉड्यूल म्हणून जोडली असेल तर ग्लोबल नाव सहसा तयारच होत नाही. ती इम्पोर्ट करावी लागते.

तरीही सापडली नाही, तर एफ १२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि पान रीलोड करा. ४०४ म्हणजे पत्ता चुकला. बऱ्याच सर्व्हरवर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही (कॅपिटल-स्मॉल) जुळावी लागतात. २०० (म्हणजे सर्व्हरकडून उत्तर नीट आलं) दिसूनही कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे '<' असेल, तर सर्व्हरने जावास्क्रिप्टऐवजी एचटीएमएल पान पाठवलंय. नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलच्या ओळीवर क्लिक करून 'रिस्पॉन्स' वाचा, लगेच दिसेल.